शरीरात प्रकाशाने बघायचं, तर मध्ये आवाज कशाला?

नागपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात बायोमेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीने विचारलं आहे: "सर, अल्ट्रासाउंडच्या मदतीने ऊतींच्या आत प्रकाशाने खोलवर आणि स्पष्ट बघता येतं, असं वाचलं. आवाजामुळे प्रकाश स्पष्ट कसा होईल? सोनोग्राफी आहेच, मग प्रकाश हवा कशाला? आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी यातलं काही आमच्या लॅबमध्ये जमेल का?"

जमेल. पण तिकडे वळण्याआधी पहिल्या दोन प्रश्नांचा निकाल लावू, कारण बातम्या वाचून तुझ्या डोक्यात जे चित्र तयार झालंय ते जरा उलटं आहे. मी बावीस वर्षं हेच काम करतोय, आधी बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत आणि आता धरमपेठेत घरामागच्या खोलीत. सुरुवातीला माझ्याही डोक्यात तेच होतं: आवाज म्हणजे जणू चष्मा, तो लावला की अंधुक प्रकाश लख्ख होतो. तसं होत नाही. ऊतींमध्ये शिरलेला प्रकाश भरकटतो तो भरकटतोच. तो आत नेमका कुठे होता, एवढंच आवाज आपल्याला कळवतो.

रात्री दिवे मालव आणि मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धर. बोट निखाऱ्यासारखं लाल दिसेल. हाड दिसतंय का? नाही. बहुतेकांना वाटतं की प्रकाश हाडापर्यंत पोचत नाही, म्हणून हाड दिसत नाही. अगं, पोचत नसता तर बोट लाल कशाने झालं असतं? हिरवा-निळा भाग रक्ताने खाल्ला, लाल उरला, आणि तो बोटातून पार होऊन तुझ्या डोळ्यांपर्यंत आला. येताना फक्त वाट विसरून आला. ऊतींमध्ये प्रकाशाचा कण साधारण दर ०.१ मिलिमीटरवर कशाला तरी आपटतो. पेशीची भिंत, केंद्रक, तंतू, काहीही. प्रत्येक धक्क्याला तो बराचसा पुढेच जातो, दिशा थोडीशीच बदलते. पण असे धक्के साठत जातात आणि सुमारे १ मिलिमीटर आत गेल्यावर तो मुळात कुठून आला होता याचा मागमूस राहत नाही. एक सेंटिमीटर जाडीच्या बोटातून बाहेर पडेपर्यंत त्याला शंभरावर धक्के बसलेले असतात.

म्हणून कॉन्फोकल मायक्रोस्कोप, टू-फोटॉन मायक्रोस्कोप, डोळ्यांच्या दवाखान्यात पडद्याचा स्कॅन काढतात ते ओसीटी, ही सगळी मंडळी त्या पहिल्या एक-दोन मिलिमीटरच्या आतच संसार करतात. तिथे ती अप्रतिम आहेत. त्याखाली त्यांचं काही चालत नाही.

हे हाताने करून बघ. काचेच्या ग्लासात पाणी घे आणि बाजूने लाल लेझर पॉइंटर मार. काहीच दिसणार नाही. आता चमच्याने दुधाचा एक थेंब टाकून ढवळ. पाण्यात सुरेख सरळ लाल रेघ उमटेल. आणखी चार-पाच थेंब टाक: रेघ सुरुवातीला शाबूत, पुढे जाऊन फिसकटलेली. अर्धा चमचा टाकलास की रेघ संपली, ज्या बाजूने लेझर शिरतो तिथे एक लाल गोळा तेवढा उरतो. आता ग्लासात मध्यभागी काळा मणी दोऱ्याने सोड आणि बाहेरून शोधून दाखव. प्रकाश मण्यापर्यंत पोचतोय, मणी त्यातला काही गिळतोय, पण बाहेर उभ्या तुला ते कळायला मार्ग नाही. या सगळ्या शास्त्राची अडचण त्या एका ग्लासात आहे.

आता आवाज. सोनोग्राफीतला आवाज याच ऊतींमधून जाताना प्रकाशापेक्षा शेकडो ते हजार पटींनी कमी विखुरतो, त्यामुळे पाच-दहा सेंटिमीटर खोलवरूनही तो सरळ परत येतो. मग सोनोग्राफीवरच का थांबू नये? कारण आवाजाला रंग दिसत नाही. घनता आणि कडकपणा जिथे बदलतो ती सीमा त्याला कळते. शिरेतलं रक्त सोनोग्राफीच्या पडद्यावर काळंच दिसतं, मग ते ऑक्सिजनने भरलेलं असो की ऑक्सिजन संपलेलं. डॉप्लर लावला तर वाहतंय का ते कळतं, तेही जरा जाड शिरांमध्ये. प्रकाशाला मात्र हिमोग्लोबिन ओळखता येतं, आणि त्याच्यावर ऑक्सिजन बसलाय की नाही हेसुद्धा. म्हणजे काय आहे ते प्रकाशाला कळतं आणि कुठे आहे ते आवाजाला. दोघांना एका कामाला जुंपायचं, एवढीच युक्ती. ती जुंपण्याच्या पद्धती मात्र एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत आणि बातम्यांमध्ये त्या सर्रास एकत्र कालवल्या जातात.

सगळ्यात रुळलेली पद्धत म्हणजे फोटोअकूस्टिक. तुला हे लहानपणापासून माहीत आहे. वीज चमकली की आपण एक, दोन, तीन मोजतो आणि गडगडाट ऐकू आला की वीज किती लांब पडली ते सांगतो, तीन सेकंदांना एक किलोमीटर. विजेने हवा क्षणात तापली, फुगली, त्याचा आवाज झाला, आणि आवाज हळू चालतो म्हणून अंतर मोजता आलं. फोटोअकूस्टिकमध्ये हेच शरीराच्या आत करतात. काही नॅनोसेकंदांचा लेझरचा झटका त्वचेवर टाकायचा. प्रकाश आत जाऊन हवा तसा विखुरतो, विखुरू दे. जिथे रक्त आहे तिथे तो शोषला जातो, तो ठिपका किंचित तापतो, फुगतो आणि अल्ट्रासाउंडची लहर सोडतो. ती लहर ऊतींमधून फारशी न भरकटता बाहेर येते. बाहेर ठेवलेल्या प्रोबने ती किती मायक्रोसेकंदांनी आली ते मोजायचं. ऊतींमध्ये आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर, म्हणजे एका मायक्रोसेकंदात दीड मिलिमीटर. वीस मायक्रोसेकंदांनी आली, तर ती तीन सेंटिमीटरवरून आली.

किंचित म्हणजे किती, हे ऐकून तुला गंमत वाटेल. एक अंशाचा हजारावा भाग तापमान वाढलं तरी सुमारे ८०० पास्कल दाब तयार होतो आणि चांगल्या प्रोबला तो आरामात ऐकू येतो. त्यामुळे ऊती भाजण्याचा प्रश्न येत नाही, पण लेझरवर मर्यादा आहेच: दृश्य प्रकाशाच्या अशा झटक्यांसाठी त्वचेवर दर चौरस सेंटिमीटरला २० मिलिज्यूल.

मूळ कल्पना ताजी मुळीच नाही. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८० साली तुटक सूर्यप्रकाश पदार्थांवर पाडून त्यातून आवाज ऐकला होता. मधली शंभर वर्षं अडून राहिली ती नॅनोसेकंदांचे लेझर, वेगवान इलेक्ट्रॉनिक्स आणि आकडेमोड करणारे संगणक नव्हते म्हणून.

इथे बारकाईने बघ की स्पष्टपणा कोणाचा. चित्रातला सर्वांत बारीक ठिपका केवढा असेल हे आवाजाच्या तरंगलांबीवर ठरतं. ५ मेगाहर्ट्झला ती ०.३ मिलिमीटर आणि ५० मेगाहर्ट्झला ०.०३ मिलिमीटर. मग सगळीकडे ५० का नाही वापरत? कारण उंच पट्टीचा आवाज ऊतींमध्ये लवकर मरतो, काही मिलिमीटरच्या पुढे त्यातलं फार काही हाती लागत नाही. ढोबळ हिशेब असा की जेवढं खोल बघायचं त्याचा दोनशेवा भाग एवढा बारकावा मिळतो. चार सेंटिमीटर खोल गेलीस तर ठिपका ०.२ मिलिमीटरचा. २०१८ साली कॅल्टेकमध्ये लिहाँग वांग यांच्या गटाने एका श्वासात, १५ सेकंदांत, स्तनाचं ४ सेंटिमीटर खोलीपर्यंतचं चित्र काढून दाखवलं, त्यातला बारकावा पाव मिलिमीटरच्या आसपास होता. हिशेब जुळतो. कुणी दहा सेंटिमीटर खोलीवर पेशी दाखवतो म्हणाला, तर हाच हिशेब त्याच्यापुढे ठेव.

ऑक्सिजनचं काय? हिमोग्लोबिन दोन तऱ्हांचं. साधारण ८०० नॅनोमीटरला दोन्ही सारखाच प्रकाश शोषतात. ७५० च्या बाजूला ऑक्सिजन नसलेलं जास्त शोषतं, ८५० च्या बाजूला ऑक्सिजनवालं. दोन रंगांचे झटके एकामागोमाग टाकायचे आणि दोन आवाजांचं गुणोत्तर काढायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो, फक्त त्याला 'कुठे' विचारता येत नाही.

पण सेमिनारमध्ये खोलवरच्या ऑक्सिजनचे टक्के दशांश चिन्हासकट दाखवतात तेव्हा मला हसू येतं. तीन सेंटिमीटर खाली पोचेपर्यंत वाटेतल्या रक्ताने दोन रंगांपैकी एक रंग जास्त खाल्लेला असतो. खाली पोचलेल्या प्रकाशाचा मेळच बदललेला, मग गुणोत्तर कोणाचं काढलंस? याला दुरुस्त्या आहेत, काही चांगल्याही आहेत, पण उथळ शिरांमधल्या आकड्यावर मी जेवढा विश्वास ठेवतो तेवढा खोलातल्या आकड्यावर ठेवत नाही.

आणखी एक गोष्ट. त्वचेतलं मेलॅनिनही प्रकाश खातं, आणि शिवाय स्वतःच जोरात आवाज करतं. गोऱ्या कातडीसाठी जुळवलेलं यंत्र आपल्या उन्हाने रापलेल्या माणसावर लावलं की आत कमी प्रकाश जातो आणि वरच्या थराचा गोंगाट चित्रभर पसरतो. कोविडच्या काळात ऑक्सिमीटरबाबत हेच उघडं पडलं होतं: गडद त्वचेच्या रुग्णांमध्ये आकडा असायला हवा त्यापेक्षा जास्त दिसायचा. या विषयात पुढे काम करायचं ठरवलंस तर विदर्भातल्या कातडीवर मोजमाप करणं हाच एक मोठा विषय आहे, आणि त्याला परदेशी कोणी येणार नाही.

आता दुसरी पद्धत, माझी लाडकी, आणि व्यवहारात सगळ्यात हट्टी. हिच्यात आधी आवाज पाठवतात.

आपल्याकडची मारबतीची मिरवणूक डोळ्यांपुढे आण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत हजारो माणसं गल्लीबोळांतून वाहत असतात, कोण कुठून आला आणि कुठून गेला, काही पत्ता नाही. समज, मी एकाच चौकात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुलाल उधळला. संध्याकाळी तिकडे सीताबर्डीला कोणी गुलालाने माखलेला दिसला, तर तो कुठल्याही वाटेने आलेला असो, त्या चौकातून गेला होता हे नक्की. ऊतींमध्ये तो चौक म्हणजे अल्ट्रासाउंडचा केंद्रबिंदू. आवाजाची लहर म्हणजे दाबाची लहर. ती जिथे एकवटते तिथे पदार्थाचा अपवर्तनांक थरथरतो, कणही मागेपुढे हलतात, आणि तिथून गेलेल्या प्रकाशाची वारंवारता आवाजाच्या वारंवारतेइतकी सरकते. हाच गुलाल. हिरव्या प्रकाशाची वारंवारता सेकंदाला ५६० लाख कोटींच्या घरात, आणि सरकणार किती, तर ५० लाख. म्हणजे अकरा कोटींत एक एवढा फरक. शिवाय बाहेर येणाऱ्या प्रकाशात असा माखलेला प्रकाश अगदी थोडा. तो वेगळा काढणं हीच सगळी मारामारी. त्यासाठी विशिष्ट स्फटिक, होलोग्राफी, अतिथंड केलेले गाळण-पदार्थ, काय काय वापरतात.

या पद्धतीचं मूळ गणित आपल्या माणसाचं आहे आणि त्याला नागपूरचा धागा आहे, जो इथल्या फार थोड्यांना ठाऊक असतो. गांधीसागराजवळच्या रमन विज्ञान केंद्रात तू शाळेच्या सहलीला गेली असशील, तारांगण पाहिलं असशील. सी. व्ही. रमन १९१० साली वित्त खात्याच्या नोकरीत बदली होऊन नागपुरात आले होते, वर्षभराच्या आत कलकत्त्याला परत गेले. नोबेल मिळालं ते रमन परिणामाला. पण १९३५-३६ मध्ये बंगळुरूला असताना त्यांनी नागेंद्र नाथ यांच्याबरोबर द्रवात अल्ट्रासाउंड चालू असताना त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचं काय होतं, याची लेखमाला लिहिली. आवाजाच्या लहरी प्रकाशासाठी जाळीसारख्या वागतात, आणि जाळीतून फुटून निघालेल्या प्रत्येक किरणाची वारंवारता आवाजाच्या पटीत सरकलेली असते. पाठ्यपुस्तकांत आजही त्याला रमन-नाथ विवर्तन म्हणतात. त्यांचा द्रव स्वच्छ होता, आपला दुधाळ आहे, एवढाच फरक.

गुलालाची कहाणी पुढे आणखी रंगते. माखलेला प्रकाश ओळखता आला, तर त्याला आल्या वाटेने परत पाठवता येतो. प्रकाशाची लहर जशीच्या तशी उलटी फिरवण्याची सोय आहे, फेज-कॉन्ज्युगेट आरसा म्हणतात तिला. सीताबर्डीला पोचलेल्या गुलालवाल्यांना सांगायचं, ज्या गल्ल्यांमधून आलात त्याच गल्ल्यांमधून उलटे चाला. ते सगळे पुन्हा त्याच चौकात जमतील. म्हणजे दुधाळ पदार्थाच्या आत, जिथे भिंगाने प्रकाश एकवटणं अशक्य, तिथे आवाजाने दाखवलेल्या जागी प्रकाश एकवटतो. वांग यांच्याच गटाने हे २०११ मध्ये सेंट लुईसला करून दाखवलं. तो निबंध वाचून मी त्या रात्री झोपलो नव्हतो.

मग हे दवाखान्यात का नाही? कारण गल्ल्या बदलतात. जिवंत ऊतींमध्ये रक्त वाहतं, हृदय धडधडतं, आणि मिलिसेकंदभरात, कधी त्याहून लवकर, प्रकाशाच्या वाटा बदलून जातात. प्रकाश नोंदवून, उलटवून परत पाठवेपर्यंत चौकाकडे जाणारी गल्लीच बंद झालेली. उंदराच्या कानावर, कोंबडीच्या मांसाच्या तुकड्यावर छान जमतं. धडधडत्या शरीरात खोलवर ही शर्यत अजून चालू आहे.

तिसरी तऱ्हा थोडक्यात सांगतो. आवाज प्रकाशाला स्पष्ट करत नाही असं मी वर म्हणालो, त्याला इथे अपवाद आहे. २०२२ मध्ये दक्षिण कोरियातल्या डीजीआयएसटी आणि कायस्ट या संस्थांच्या गटाने अल्ट्रासाउंडने ऊतींमध्ये, जिथे बघायचं त्या थराच्या अलीकडे, दाटीवाटीने वायूचे बुडबुडे उठवले. बुडबुड्यांतून प्रकाश जवळपास सरळच पुढे जातो, त्यामुळे मधली गढूळ गल्ली काही क्षण मोकळी होते. आवाज बंद केला की बुडबुडे जिरतात. अमेरिकेत कार्नेगी मेलनमध्ये आवाजाच्या दाबाने ऊतींमध्येच प्रकाशासाठी तात्पुरती नळी तयार करण्याचं काम झालं आहे. दोन्ही कल्पक आहेत. पण बुडबुडे आले की मी जरा सावध होतो. अल्ट्रासाउंडचा दाब वाढवला की हेच बुडबुडे ऊती फाडतात, आणि उंदरात चाललेली गोष्ट माणसाच्या मेंदूत लगेच कोणी करू देणार नाही.

प्रत्यक्ष वापर विचारशील, तर फोटोअकूस्टिकच पुढे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने स्तनातल्या गाठींसाठी सोनोग्राफी आणि लेझर एकाच प्रोबमध्ये असलेल्या एका यंत्राला मान्यता दिली. गाठ सोनोग्राफीने दिसते, तिच्याभोवतीच्या रक्तवाहिन्या आणि ऑक्सिजन लेझरने.

आपल्याकडे सर्वांत आधी कुठे उपयोगी पडेल, असं मला विचारलंस तर मी तोंडाकडे बोट दाखवीन. खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, या शहरात काय करतो ते सांगायला नको. तोंड उघडेनासं झालेली तरुण पोरं दंतमहाविद्यालयाच्या ओपीडीत रांगेत असतात. गालाचं आतलं अस्तर पातळ, मेलॅनिन कमी, आणि बघायचंय ते दोन-चार मिलिमीटरच्या आत. या पद्धतीला याहून सोयीची जागा नाही. संशोधन चालू आहे, पण आज तुझ्या ओळखीत कुणाच्या तोंडात पांढरा चट्टा असेल तर त्याला बायोप्सीच लागेल. सिकलसेलचंही विचारतात लोक, विदर्भ म्हटल्यावर विचारणारच. सिकलचं हिमोग्लोबिन रंगाने नेहमीच्यासारखंच असतं, त्यामुळे रंग बघून निदान होत नाही. त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणीच हवी. ऊतींना ऑक्सिजन किती मिळतोय ते बघायला उपयोग होईल, एवढंच.

आता तुझा प्रोजेक्ट.

पहिली गोष्ट: कोणी ओळखीचा डॉक्टर म्हणेल, जुनं सोनोग्राफी मशीन पडलंय, घेऊन जा. नेऊ नकोस. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या जागी सोनोग्राफी मशीन विकणं, देणं, ठेवणं, कशालाच परवानगी नाही, आणि 'आम्ही फक्त जेलीचे फोटो काढत होतो' हे तिथे ऐकून घेत नाहीत. एका कॉलेजात असं भंगारातून आणलेलं मशीन सील होताना मी पाहिलं आहे; बिचाऱ्या विभागप्रमुखांचं वर्ष खुलासे लिहिण्यात गेलं.

तुला चित्र काढणारं मशीन नकोच आहे, ऐकणारा एक कान हवाय. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीत फॅब्रिकेशनवाल्यांकडे वेल्डिंगचे जोड आवाजाने तपासायला यूटी, म्हणजे अल्ट्रासोनिक टेस्टिंग, करणारे लोक येतात. त्यांच्याकडे असतो तो यूटी प्रोब चालेल, २.२५ मेगाहर्ट्झचा मिळाला तर उत्तम. वापरलेला, केबलसकट घे. पाण्यात बुडवायचा खास प्रोब नसेल तर अॅक्रिलिकच्या पातळ डब्यात पाणी भर आणि प्रोब बाहेरून भिंतीला जेल लावून टेकव. सिग्नल थोडा कमी होईल, पण प्रोब वाचेल.

मोठा लेझर कॉलेज देणार नाही आणि देऊही नये. ९०५ नॅनोमीटरचा पल्स्ड लेझर डायोड घे, अंतर मोजायच्या यंत्रांत वापरतात तो. त्याचा झटका साधारण १०० नॅनोसेकंदांचा आणि ऊर्जा काही मायक्रोज्यूलच, त्यामुळे एका झटक्यात गोंगाटाशिवाय काही दिसणार नाही. ऑसिलोस्कोपला १०२४ झटक्यांची सरासरी घ्यायला सांग. गोंगाट ३२ पटींनी खाली बसेल. प्रोब आणि ऑसिलोस्कोपच्या मध्ये कमी गोंगाटाचा अॅम्प्लिफायर मात्र लागेलच, त्यात कंजुषी करू नकोस. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून पापणीही मिटत नाही, आणि म्हणून तो लाल पॉइंटरपेक्षा घातक. त्या तरंगलांबीचा चष्मा घालायचा, गॉगल नाही, आणि सगळी मांडणी झाकणाच्या खोक्यात ठेवायची.

ऊतींच्या जागी चायना ग्रास. किराणा दुकानात मिळतं तेच. पाण्यात उकळव, किंचित दूध घाल, आणि गोठायच्या आत मधोमध ०.५ मिलिमीटरच्या पेन्सिलचं शिसं आडवं बसव. तेवढ्या जाडीच्या वस्तूतून निघणारा आवाज २-३ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून वर तो प्रोब सांगितला.

पहिला सिग्नल दिसेल तेव्हा नाचू नकोस. माझ्या पहिल्या प्रयोगात ऑसिलोस्कोपवर तीन गोष्टी होत्या: अगदी सुरुवातीला एक मोठा दणका, २० मायक्रोसेकंदांना एक नाजूक वरखाली होणारी लकेर, आणि ४० ला आणखी एक. शिसं प्रोबपासून तीन सेंटिमीटरवर होतं, म्हणजे २० ची लकेर खरी. पण ४० ला काय? सहा सेंटिमीटरवर काहीच नव्हतं. दोन आठवडे मी त्या भुताच्या मागे होतो, डबा बदलला, पाणी बदललं. शेवटी कळलं की विखुरलेला थोडा प्रकाश थेट प्रोबच्या तोंडावर पडत होता, ते तोंड स्वतःच आवाज करत होतं, तो आवाज शिशापर्यंत जाऊन आपटून परत येत होता. जाऊन-येऊन सहा सेंटिमीटर. सुरुवातीच्या दणक्यातही त्याचा वाटा होता. प्रोबच्या तोंडापुढे पांढऱ्या कागदाचा आडोसा करून प्रकाश अडवला आणि भूत गेलं.

दुसरी फजिती नागपूरची खास. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, चालू होता, दुपारी वीज गेली, एसी बंद. परत आली तेव्हा कुठल्या तरी घाईत मी तसाच स्कॅन लावला, म्हणजे प्रोब थोडा थोडा सरकवत सिग्नल घेतले आणि त्यांचं चित्र संगणकाकडून काढून घेतलं. चित्रात एका शिशाच्या जागी वाकडी चंद्रकोर. पाण्यातला आवाजाचा वेग २० अंशांना १४८२ मीटर असतो, ४० अंशांना १५२९. तीन टक्क्यांचा फरक, तीन सेंटिमीटरवर जवळपास एक मिलिमीटर. संगणकाला मी सकाळचाच वेग दिलेला होता. आणि गंमत म्हणजे सिग्नल मात्र सकाळपेक्षा जोरदार! तापलेलं पाणी जास्त फुगतं, ४० अंशांना आवाज २० अंशांच्या जवळजवळ दुप्पट निघतो. उलट ४ अंशांच्या पाण्यात तो जवळपास नाहीसाच होतो, कारण तिथे पाणी फुगतच नाही. म्हणून डब्यात थर्मामीटर टाक आणि प्रत्येक स्कॅनच्या वेळी आकडा वहीत लिही. खोलीत कूलर लावू नकोस, बाष्पाने भिंगांवर दव बसतं आणि खसाचे कण सगळीकडे होतात.

पाणी आदल्या रात्री उकळून, झाकून, थंड होऊ दे, नाहीतर प्रोबच्या समोर भिंतीला बारीक बुडबुडे चिकटतात आणि सिग्नल निम्म्यावर येतो. सकाळी डब्यात ओतताना काठावरून हळू ओत, आणि ओतल्यावर भिंतीवरून एकदा मऊ ब्रश फिरव.